गुरुवारचं मॉडेल

चाकणमध्ये पवनचक्की नाही. असायचं कारणही नाही; तिथं वारा सुटलाच तरी आधी ट्रेलरच्या रांगेत अडकतो. तरीसुद्धा मी तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून रोज पवनचक्की चालवायचे, आणि मला त्यात इतकी मजा यायची की आपण नोकरीला आलोय हे विसरायला व्हायचं.

आमची कंपनी लहान. पवनचक्कीच्या खांबात खालच्या बाजूला कपाटाएवढं एक खोकं बसतं. वारा वाढला की पाती किती वळवायची, कधी सुरू व्हायचं, कधी गप थांबायचं, हे सगळं ते ठरवतं. ते खोकं आम्ही बनवायचो. आता डोंगरावर नेऊन बसवण्याआधी ते तपासायचं कसं? तर कॉम्प्युटरनं पवनचक्कीचं सोंग घ्यायचं. वारा खोटा, पाती खोटी, खांब खोटा, जनरेटरही खोटा. खोक्याला मात्र वाटायचं की आपण डोंगरावरच उभे आहोत. ते मन लावून पाती वळवायचं आणि आम्ही चहा पीत त्याच्याकडे बघायचो.

या सोंगाची एकच अट होती. एका सेकंदाच्या वाऱ्याचं गणित एका सेकंदाच्या आत उरकलं पाहिजे. उशीर झाला तर खोक्याला कळतं की काहीतरी गडबड आहे, ते घाबरतं आणि सगळं बंद करून टाकतं. आणि गणितात सगळ्यात उशीर लावायचा जनरेटर. त्याचं शास्त्रशुद्ध मॉडेल पाच समीकरणांचं. कॉम्प्युटर बिचारा घामाघूम व्हायचा, पण सेकंदाचं काम सेकंदात काही होत नसे.

मी तेव्हा डॉक्युमेंट विभागात होते. म्हणजे इंजिनिअरिंगची पदवी घेऊन दोन वर्षं मॅन्युअल लिहीत होते. ‘हिरवा दिवा लागल्याची खात्री करावी’ असली वाक्यं लिहून लिहून माझ्या डोक्यातला हिरवा दिवा विझत आला होता. एक दिवस जेवताना आमच्या सरांच्या तोंडून जनरेटरचं रडगाणं ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, पाचातली चार समीकरणं काढून टाकू या की!”

सर हातातली पोळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. मीही माझ्याकडे बघत राहिले असते, पण आरसा नव्हता.

पण ते खरंच होतं. जनरेटरच्या पोटात फार गोष्टी घडतात, त्यातल्या बऱ्याच इतक्या झटपट घडून संपतात की पात्यांना त्यांचा पत्ताही लागत नाही. त्या सोडून दिल्या तर उरतं काय? जनरेटर ठरलेल्या वेगापेक्षा किती पुढं पळतोय, त्यावरून तो किती वीज देतोय. एक सरळ रेघ. मी रात्रंदिवस तेच घोकत होते म्हणा ना: हे नको, तेही नको, हे कशाला हवंय. एकेक पद खोडताना मला गुदगुल्या व्हायच्या. आमच्या घरात कोणी काही वगळत नाही, त्याचा हा सूड असावा. आई एखाद्या लग्नाची गोष्ट सांगायला लागली की आधी वांगी कुठून आणली, ती कोणी चिरली, चिरणारीचा जावई कुठल्या कंपनीत आहे, इथपर्यंत जाऊन मग नवरी मांडवात येते. आईची गोष्ट म्हणजे पाचच्या पाच समीकरणं, एकही न सोडता.

सरांनी मला सिम्युलेशनच्या टेबलावर बसवलं, पण अट घालून. “बघ हं,” ते म्हणाले, “गिऱ्हाईक नुसतं गणित मानणार नाही. त्यांना खऱ्या जनरेटरशेजारी तुझं मॉडेल चालवून दाखवायचं. दोन्हीच्या रेघा जुळल्या तर तू कायमची इथं. नाही जुळल्या तर बाहेरचं तयार मॉडेल आणू, आणि तू परत मॅन्युअलला. चालेल?”

“पळेल,” मी म्हणाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

खरा जनरेटर लहानसाच होता, शेडच्या कोपऱ्यात लोखंडी चौथऱ्यावर बसवलेला. एक मोटर त्याला कॉम्प्युटरनं सांगितलेल्या वेगानं फिरवायची, जणू वाराच फिरवतोय, आणि तो तयार केलेली वीज आमच्याच विजेच्या लाइनमध्ये परत सोडायचा. त्याचा सगळा कारभार मामांकडे. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर. चाकणजवळच्याच गावचे, कंपन्या यायच्या आधीपासूनचे. शेडमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणत, सरसुद्धा. मशीनवर त्यांचा हात फिरला की मशीन गप ऐकायचं. माणसं मात्र ऐकायची नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

अडचण एवढीच की हा चौथरा दुसऱ्या एका कामात अडकलेला. शुक्रवार ते बुधवार त्याला हात लावायची सोय नाही. उरला गुरुवार. आता बाहेरच्यांना हे सांगावं लागतं: आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्यांनी एकाच दिवशी वीज ओढू नये म्हणून कधीतरी हे ठरलं, आणि मग ते अंगवळणीच पडलं. आमच्या घरात लग्नाची बोलणीसुद्धा गुरुवारी होतात. तर मामा म्हणाले, “ताई, मी येतो गुरवारी. घरी बसून तरी काय करू, बायकू दळान आनाया लावती.”

असे आम्ही लागोपाठ तीन गुरुवार चौथऱ्यावर काढले. रस्ता मोकळा, लोखंड ठोकून घडवणारा शेजारचा फोर्जिंगचा कारखाना बंद, पत्र्यावर कबुतरांची पावलंसुद्धा ऐकू यायची. पहिल्या गुरुवारी दोन्ही रेघा एकमेकींच्या जवळ आल्या. दुसऱ्या गुरुवारी मी एक आकडा नीट मोजून घातला आणि त्या चिकटल्या. तिसऱ्या गुरुवारी तर कमालच झाली. वारा वर गेला, खाली आला, मध्येच झटका दिला, तरी पडद्यावर एकच रेघ. लाल रेघ मशीनची, निळी माझी, आणि निळीखाली लाल दिसेचना.

मी ओरडले. किती जोरात ते मला माहीत नाही, पण कबुतरं उडाली. मामांनी घाबरून मशीन बंद केलं. मग कळल्यावर तेही हसायला लागले आणि डब्यातली शेंगदाण्याची पोळी मला सगळीच्या सगळी देऊन टाकली. मी पडद्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला. आत्यानं लिहिलं, “रेघ छान आहे.” काकांनी नुसता अंगठा दाखवला. दोन रेघा आहेत गं बायांनो, दोन! पण हे कोणाला कसं पटवायचं? मी त्या दिवशी घरी, चिखलीपर्यंत, स्कूटरवर मोठमोठ्यानं गात आले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं मीटरच्या वरून वाकून बघितलं आणि म्हणाला, “काय ताई, लग्न जमलं का?”

“जमलं!” मी म्हणाले.

गिऱ्हाइकाकडून एक मॅडम पुढच्या शुक्रवारी यायच्या होत्या. चौथरा त्या आठवड्यात सोमवारपासूनच मोकळा झाला, म्हणून सर म्हणाले, “एकदा माझ्यासमोर रंगीत तालीम होऊन जाऊ दे.” मी मिरवत मिरवत मशीन सुरू करायला सांगितलं. वारा सुटला. आणि निळी रेघ वर, लाल रेघ खाली. मध्ये एवढी जागा की त्यातून बैलगाडी जाईल.

माझ्या पाचावर धारण बसली. सर घड्याळ बघून निघून गेले. 

मग सुरू झाला तमाशा. मी मामांना घेऊन सगळे पट्टे तपासले, सगळ्या वायरी उपटून परत लावल्या. मशीन तापतं म्हणून त्याच्यापुढं पंखा लावला. तरी लाल रेघ आपली खालीच. पण दुपारी एक वाजता एक अजब प्रकार झाला. मी डबा उघडला, सहज पडद्याकडे पाहिलं, तर दोन्ही रेघा एक! मी भाजीचा हात तसाच घेऊन धावले. अर्धा तास त्या एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या. दीड वाजता शेजारचा भोंगा झाला, आणि त्या पुन्हा तुटल्या. चारच्या चहाला परत जुळल्या. सव्वाचारला परत तुटल्या.

“मामा, हे मशीन लोक जेवतात तेव्हाच नीट चालतं,” मी म्हणाले.

मामा गंभीरपणे म्हणाले, “गुरवारी सवय लावली ना तुमी शांततेची. आता त्ये लाजतंय गर्दीत.”

हसू नका, पण मला त्यात तथ्य वाटलं. लोक चालतात, ढकलगाड्या फिरतात, शेजारी फोर्जिंगचा प्रेस धाडकन आपटतो. जमीन हादरते, चौथरा हादरतो, मग मापं चुकणारच की. मंगळवारी सकाळी मी सरांना हे पटवलं. त्यांनाही आशा होतीच. त्यांनी फर्मान काढलं की आज शेडमध्ये सगळ्यांनी हळू पाय टाकायचे. मी चौथऱ्याच्या चारही पायांखाली रबरी पायपुसण्या सारल्या. आणि त्या दिवशी आमची सगळी कंपनी चवड्यांवर चालत होती. स्टोअरचे भाऊ, पॅकिंगच्या ताया, कुरिअर घेऊन आलेला परका माणूससुद्धा. सर त्यांच्या काळ्या बुटांत मांजरीसारखे आले, मांजरीसारखे गेले. चहावाल्याला गेटवरच थांबवून त्याची किटली हातोहात आत आणली. कोणी शिंकलं की बाकीचे ‘शूऽऽ’ करायचे.

लाल रेघ जिथल्या तिथं.

संध्याकाळी मामा पायपुसण्या गोळा करत म्हणाले, “नाचता येईना अंगण वाकडं, तसलं झालं बगा ताई. जमिनीचा दोष न्हाई. जमीन आमची हाय, मी वळखतो तिला.”

घरी आले ती रडकुंडीला येऊनच. आम्ही चिखलीत राहतो. खाली रस्त्याला लागून लेथ, प्रेस आणि वेल्डिंगची दुकानं, वर आमचं घर. आई विहारातून नुकतीच आली होती आणि ओट्यापाशी होती. मी सगळं सांगितलं. मशीन फक्त जेवायच्या सुट्टीत आणि गुरुवारी शहाण्यासारखं वागतं, शुक्रवारी मॅडम येणार, मग माझं काय होणार, तर पुन्हा ‘हिरवा दिवा लागल्याची खात्री करावी.’ आई ऐकत होती. मग तिनं तिची एक गोष्ट सुरू केली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी नवा मिक्सर घेतला, तो कुठून घेतला, दुकानदार कसा आपल्या जालन्याकडचा निघाला, मग वहिनींनी त्यात तिळाची चटणी कशी घातली आणि ती कशी भरडच राहिली, आणि वहिनी मिक्सर परत करायला निघाल्या तेव्हा आई जिन्यात कशी भेटली.

“आई, माझी नोकरी चाललीय आणि तू चटणी काय सांगतेस!”

“ऐक तर. मी म्हटलं त्यांना, मिक्सर चांगला आहे बाई, तुम्ही दिवस चुकीचा धरला. खाली दुकानं चालू असली की मिक्सर नुसता रेंगायलाय. गुरुवारी करा, मऊसूत होती. मी तर वीस वर्षं झाली चटणी गुरुवारीच करायलेय. नाहीतर मग दुपारी, पोरं जेवायला गेली की.”

मी उभीच राहिले. आईनं पुढं वहिनींच्या सासूबाईंचं काहीतरी सांगितलं, पण मला ऐकू येत नव्हतं. दुकानं बंद, मिक्सर जोरात. दुकानं चालू, मिक्सर मंद. व्होल्टेज! जमीन नव्हे, पंखा नव्हे, लाज नव्हे. सगळा पट्टा कामाला लागला की लाइनमधला व्होल्टेज उतरतो. माझ्या त्या सरळ रेघेच्या समीकरणात व्होल्टेज होता, तोही वर्गात, म्हणजे थोडा उतरला की वीज त्याच्या दुपटीनं उतरते. आणि मी, हुशार, खोडकाम करता करता शेजारी लिहून ठेवलं होतं: ‘व्होल्टेज स्थिर मानू.’ तो स्थिर होता. गुरुवारी! मी गुरुवारी मापं घेतली, गुरुवारी जुळवलं, गुरुवारी नाचले, आणि फक्त गुरुवारचं मॉडेल बनवून बसले.

मी आईला उचलायचा प्रयत्न केला. ती काही उचलली गेली नाही, पण ओट्यावरचा पोह्यांचा डबा पडला. “अगं येडी झालीस काय,” ती म्हणाली, आणि पोहे भरता भरता तीही हसायला लागली. कशाला हसतोय ते तिला माहीत नव्हतं.

बुधवारी मी उजाडताच स्कूटरनं गेले. मामांना म्हटलं, “मामा, आपल्या पॅनेलवर व्होल्टेजचा काटा नाही का हो?”

“हाय की. त्या कॅलेंडरमागं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! खिळा आयता मिळाला म्हणून मामांनी त्या मीटरवरच हार्डवेअरच्या दुकानाचं गणपतीचं कॅलेंडर टांगलं होतं, वर्षानुवर्षं. मी ते उचललं. काटा खुणेच्या खाली होता. तेवढ्यात शेजारी प्रेस आपटला, धाड! आणि काट्यानं मान आणखी खाली घातली आणि परत वर केली. पुन्हा धाड, पुन्हा मान. मी आणि मामा त्याच्यासमोर हात जोडून उभे असल्यासारखे उभे होतो. मामा हळूच म्हणाले, “आयला. ह्यो तर रोज नमस्कार घालतोय, आन् आमी वर गनपती टांगलाय.”

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्यांना माझं कौतुक वाटतंय. त्यांनी फोनच हातात घेतला. “मग सोपं आहे! मॅडम गुरुवार-शुक्रवार दोन्ही दिवस पुण्यातच आहेत. उद्याच बोलावू. उद्या गुरुवार. रेघा जुळणार, त्या सही करणार, विषय संपला.”

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. रेघा जुळलेल्या मी माझ्या डोळ्यांनी तीनदा पाहिल्या होत्या. कुठं खोटं बोलायचं नव्हतं, कुठला आकडा बदलायचा नव्हता. फक्त वार निवडायचा होता. एका दिवसानं माझं टेबल पक्कं होणार होतं. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं.

आणि डोळ्यांपुढं आलं ते खोकं. डोंगरावर एकटं उभं राहणार, तारेच्या शेवटच्या टोकाला. तिथं व्होल्टेज खालीवर होणारच, रोज होणार. माझ्या मॉडेलनं त्याला शिकवलं असणार की व्होल्टेज हलत नसतो बाळा, तू खुशाल झोप. मला एकदम त्याची कीवच आली.

“सर, डोंगरावर गुरुवार नसतो,” मी म्हणाले. “शुक्रवारीच बोलावा. प्रेस चालू असताना. मी व्होल्टेज आत घालते.”

सरांचा उजेड गेला. “आणि नाही जुळलं तर? मॅन्युअलचं टेबल अजून रिकामंच आहे, एवढं लक्षात ठेव.”

“ठेवलंय,” मी म्हणाले, आणि वायरचं भेंडोळं शोधायला मामांकडे गेले.

काम मोठं नव्हतं. लाइनचा व्होल्टेज मोजणारी एक वायर कॉम्प्युटरपर्यंत आणायची आणि मी खोडलेलं ते एक अक्षर परत लिहायचं, बस. अक्षर लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. वायर आणायला मात्र बुधवारचा सगळा दिवस गेला, कारण मध्ये दोन भिंती आणि एक सॅनिटरी पाइप होता. वायर जोडून झाली तेव्हा शेजारची शिफ्ट सुटली होती, प्रेस बंद आणि काटा खुणेवर ताठ. मी म्हटलं, असू दे, उद्या तपासू.

उद्या गुरुवार होता!

सगळा पट्टा झोपलेला. आमच्याकडे मशीन होतं, मॉडेल होतं, वायर होती, फक्त खराब व्होल्टेज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगल्या विजेला शिव्या घातल्या. मामांनी मनावर घेतलं. त्यांनी शेडमधलं झाडून सगळं चालू केलं: कॉम्प्रेसर, ड्रिल, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट, कँटीनमधली चहाची शेगडी, आठही पंखे, शौचालयातला दिवा. कानठळ्या बसत होत्या. आम्ही दोघं काट्याकडे टक लावून उभे. तो केसभरसुद्धा हलला नाही.

“आख्खी एमायडीसी मागं हाय ताई त्याच्या,” मामा ओरडून म्हणाले. “आपुन दोगं काय हलवनार!”

आम्ही इतके हसलो की मामांना ठसका लागला. मग एकेक बटण बंद करत फिरलो. म्हणजे आता शुक्रवारी, मॅडमच्या समोर, ते पहिल्यांदाच चालणार होतं. जुळेल की नाही ते मलाही त्यांच्याबरोबरच कळणार होतं.

शुक्रवारी मॅडम दहाला आल्या. पन्नाशीच्या, बारीक, पायात कापडी बूट, हातात एक वही. मला वाटलं होतं, प्रश्न विचारतील. त्या सरळ स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या. सर त्यांच्या मागं उभे, दोन्ही हात पाठीशी, बोटं एकमेकांत गुंतवलेली. शेजारी प्रेस पूर्ण जोरात होता.

मामांनी मशीन सुरू केलं. खोटा वारा सुटला. लाल रेघ उठली, निळी उठली.  धाड! लाल रेघ दचकून खाली आली. आणि निळीही, तिच्याबरोबर, त्याच क्षणी, तेवढीच. धाड! दोघी खाली, दोघी वर. वारा चढला, दोघी चढल्या, चढता चढता प्रेस आपटला तसा दोघींनी मध्येच नमस्कार घातला आणि पुढं गेल्या. फुगडी घालणाऱ्या दोन बहिणी जशा एकाच वेळी वाकतात. माझ्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, तो मी खोकल्यात बदलला.

मॅडम दहा मिनिटं बघत होत्या. मग वही मिटून म्हणाल्या, “जनरेटर लाइनवरून काढा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे. मामांनी स्विच पाडला.

लाल रेघ सरळ खाली जाऊन शून्यावर आडवी झाली. खरं मशीन संपलं होतं. आणि निळी रेघ चालूच होती. वाऱ्याबरोबर चढत होती, उतरत होती, आणि शेजारी प्रेस आपटला की वाकत होती. मॅडम पेनानं वहीवर हलके टोले देत होत्या, प्रेसच्या आवाजाला एक टोला, रेघेच्या वाकण्याला एक टोला. दोन्ही टोले एकच पडत होते. निळी लालची नक्कल करत नव्हती; लाइनच्या व्होल्टेजवरून आपलं गणित आपणच करत होती.

मामा हाताखालचा स्विच बघत होते आणि पडदा बघत होते. “म्या तर बंद केलंय,” ते म्हणाले. “ही कशी काय चालतीया अजून?”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्यांनी वही उघडली, सही केली आणि सरांना म्हणाल्या, “ते मशीन काढून घेतलंत तरी चालेल. आमची खोकी यापुढं हिच्यावरच तपासा.” हिच्यावर, असं म्हणून त्यांनी निळ्या रेघेकडे बोट केलं.

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, मामांना उचलायचं होतं, पत्र्यावर चढून सगळ्या चाकणला ओरडून सांगायचं होतं. प्रत्यक्षात मी नुसती उभी होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मॅडम उठल्या, सर त्यांना गेटपर्यंत सोडून आले. परत आल्यावर त्यांनी पडद्यासमोरचं स्टूल पायानं बाजूला सारलं, स्वतःच्या केबिनमधून चाकांची खुर्ची ढकलत आणली आणि माझ्यामागं ठेवली.

“बस,” ते म्हणाले. “आता उठवणार नाही तुला कोणी.”

मी बसले. शेजारी प्रेस आपटला, रेघ वाकली, सावरली, आणि मला जे हसू फुटलं ते जेवायच्या सुट्टीपर्यंत काही थांबलं नाही.